एक फेरा म्हणजे किती

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. उजवं मनगट सोडून बाकी सगळी मी मजेत आहे.

अक्षर बघून घाबरू नकोस, माझंच आहे. प्लास्टर काढून दहा दिवस झाले. डॉक्टरांनी बजावलंय की रोज एक पान हातानं लिहायचं, म्हणजे बोटं मोकळी होतात. काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, काहीही लिहा, कुणाशी तरी भांडा. तेव्हा पहिली आठवण तुझी झाली. भांडायला आतेभावाइतका हक्काचा माणूस दुसरा कुठे मिळणार? त्यातून वहिनी फोनवर म्हणाली की तुझंही प्लास्टर निघालंय. एकाच महिन्यात मी कारखान्याच्या जिन्यावरून पडते, तू स्टुलावरून पडतोस आणि दोघांचं उजवंच मनगट मोडतं, तेही एकच हाड. आत्या असती तर म्हणाली असती, लहानपणी दोघांना एका ताटात जेवायला बसवलं त्याचा हा परिणाम.

आता खरं दुखणं सांगते. माझं कापायचं टेबल गेलं. वीस वर्षं मी त्या टेबलावर कोट कापते आहे. मी पडले तेव्हा मालकीणबाईंनी कापड कापायला एक नवे मास्तर आणले, आणि मी परत गेले तर मला बटणं निवडायला बसवलं. मी विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "मास्तरीण, एक जूनला थंडीच्या कोटांचं कापड येतं. त्या दिवशी माझ्यासमोर चार थरांचा कोट कापा. मुंढ्यात दात पडला नाही तर टेबल तुमचं. पडला तर ते मास्तरांचं, कायमचं."

तू कुलूपवाला, तुला मुंढा काय कळणार. बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई म्हणजे मुंढा. जाड लोकरी कापडाचे चार थर एकावर एक, आणि मोठ्या कातरीनं मनगट वळवत वळवत ती गोलाई एका दमात कापायची. मध्ये हात थांबला की कापडाला दात पडतो आणि चारही कोट बाद. सरळ रेघ काय, कुणीही कापेल.

म्हणून मनगट तयार करायचं आहे. डॉक्टरांनी एक व्यायाम दिलाय. लाटण्याएवढ्या दांड्याला मधोमध दोरी, दोरीला वजन. दांडा दोन्ही हातांनी पुढे धरायचा आणि मनगटं फिरवून दोरी गुंडाळायची. वजन म्हणून मी कापडावर ठेवायची लोखंडी वजनं वापरते. अर्धा किलो, तीन फेरे झाले की हात थरथरतो. त्यांच्याकडे मुठीचा जोर मोजायचं यंत्रही आहे. डावी मूठ चोवीस किलो, उजवी नऊ. टेपनं घेर घेतला तर कोपराखाली उजवा हात डाव्यापेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक झालाय.

तुझे आकडे कळव. दोघांचं मोजत राहू, म्हणजे मला चुरस येईल. एकटीनं मोजलं की मी स्वतःलाच फसवते.

तुझी,
मुंगी


१२ फेब्रुवारी

मुंगे,

पत्र पोचलं. अक्षर बघून तुझ्या वहिनीनं विचारलं, शाईत पाय बुडवून मुंगी स्वतःच कागदावरून चालत गेली का. मी म्हटलं, हसू नकोस, तिचं निदान वाचता येतंय.

पहिली दुरुस्ती. मी स्टुलावरून पडलो नाही. पडद्याचा दांडा निसटला आणि मी त्याला वाचवायला गेलो. दांड्याला साधा ओरखडा नाही. या गोष्टीचं या घरात कुणाला कौतुक नाही.

इकडे हाल काही कमी नाहीत. तीन किल्ल्या घासल्या की कानस हातातून गळते. रविवारी दुकानासमोर पंजा लढवायला सगळे जमतात, मी बाकावर बसून बघतो. समोरच्या न्हाव्याला मी आठ वर्षं लोळवत आलोय, तो आता माझ्याकडे बघून मिशीला पीळ भरतो. माणसानं किती सोसावं?

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मलाही तोच दांडा आणि तीच दोरी दिली आहे. डॉक्टर लोकांचं ठरलेलं दिसतंय. आता आकडा ऐक आणि खुर्चीला धरून बस. अर्धा किलो, आठ फेरे. घेर सुतळीनं मोजला होता, पण सुतळी कुठे ठेवली ते सापडत नाही. बराच होता.

तीन फेऱ्यांवर रडू नकोस. तुझा दादा पंजेबहाद्दर आहे, त्याच्या पंक्तीला एकदम कोण येणार. पण टेबल तुझंच आहे हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

तुझा,
दादा


१ मार्च

दादा,

तुझा आठाचा आकडा मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. रोज सकाळी त्याच्याकडे बघत दांडा फिरवायचा. तीनाचे चार व्हायला आठवडा लागला. आज सहा झाले. तू तोवर कुठे पोचला असशील देव जाणे. उजवी मूठ बारा किलो. घेर अर्ध्या सेंटिमीटरनं वाढलाय, पण टेप जरा सैल धरली असेन म्हणून पुन्हा मोजला. तेवढाच आला.

काल जेवणाच्या सुट्टीत कापडाचे दोन तुकडे घेऊन मुंढा कापून पाहिला. सुरुवात झकास झाली. अर्ध्यावर आल्यावर हात जो थांबला तो थांबलाच. उंदरानं कुरतडल्यासारखा दात पडला. नवे मास्तर डबा आणायला आत आले होते, त्यांनी पाहिलं आणि पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. हसले असते तर परवडलं असतं. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असता तर त्याच्या रागावर मी चार फेरे जास्त मारले असते.

एक सांग. तुझ्या हाताला असं थरथरायला होत नाही का? की तू लिहीत नाहीस?

मुंगी


९ मार्च

मुंगे,

थरथर? मला? दांडा थरथरत असेल, मी नाही. एक किलो, वीस फेरे. होय, वीस. नीट वाच, शून्य चुकून पडलेलं नाही.

तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे की मी आकडे सांगताना छाती पुढे काढतो. काढणारच. सत्तावन्नाव्या वर्षी, मोडक्या मनगटानं वीस. न्हाव्याला सांगितलं तर त्याची मिशी खाली आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करू नका. मी म्हटलं, बाई, माझी एक मामेबहीण आहे, तिला कुणीतरी पुढे पळणारं लागतं.

युक्ती सांगतो. अंगठा घट्ट आवळू नकोस. किल्ली फिरवताना आम्ही अंगठा नुसता टेकवतो, जोर कोपराकडून येऊ देतो. कातरीलाही तेच लागू असेल. नसेल तर सोडून दे, मी कुठे शिंपी आहे.

टेबल सोडू नकोस.

दादा


६ एप्रिल

दादा,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून वहिनीचा फोन आला, तिला सगळं सांगितलं नाही. तुला सांगते. तुझा वीसचा आकडा वाचला आणि मी वेड्यासारखी सुटले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दांडा खाली ठेवला नाही. पाचव्या दिवशी मनगट इतकं सुजलं की साडीची निरी धरता येईना. डॉक्टरांनी अशी काही झाडली की बाहेर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. दहा दिवस पूर्ण विश्रांती. त्या दहा दिवसांत मी बटणं डाव्या हातानं निवडली आणि मनातल्या मनात हात टेकले. मग एक दिवस दांडा दाराआडून माझ्याकडे बघतोय असं वाटायला लागलं आणि पुन्हा सुरू केलं.

आता कुठे आहे ते सांगते. एक किलो, बारा फेरे. वर आणताना एवढा त्रास नाही, पण सावकाश खाली सोडताना जीव जातो. दोरी पूर्ण उलगडली, वजन जमिनीला टेकलं, की मी एक म्हणते. आमच्याकडे कापड अंथरताना टेबलाच्या त्या टोकाला जाऊन परत या टोकाला आलं की एक फेरा धरतात, तीच सवय. बाराला सात मिनिटं लागतात. तुला वीसाला किती लागतात?

उजवी मूठ एकोणीस किलो झाली. डॉक्टर म्हणाले छान. ते सगळ्यांनाच छान म्हणतात. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना नुसतं दार उघडता आलं तरी छान म्हणाले.

तुझ्या निम्म्याच्या जरा पुढे आहे मी. तेही तू एका महिन्यापूर्वी जिथे होतास त्याच्या.

मुंगी


१२ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र मिळालं. सुजेचं वाचून वाईट वाटलं. जास्त ओढू नकोस.

या खेपेला मी मोजलेलं नाही. दुकानात काम फार आहे. आणि हे बघ, प्रत्येकाचा हात वेगळा, तू माझ्याशी बरोबरी करू नकोस. जेवढं होईल तेवढं कर. नाहीच झालं तर काही जग बुडत नाही.

तुझी वहिनी आठवण काढते.

दादा


१८ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. एक विनोद नाही, एक बढाई नाही, आकडा नाही. तू असं पत्र लिहितोस तेव्हा तुला माझी कीव येत असते. मी तुला नीट ओळखते. दहावीत मी गणितात नापास झाले तेव्हाही तू असाच गोड बोलला होतास.

तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. मीही तोच विचार करत होते. तू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. तेच हाड, तोच महिना, तोच व्यायाम. आणि तरी तू एक महिना आधी वीसवर, मी आज बारावर. याचा अर्थ एकच, माझं हाड नीट बसलेलं नाही आणि हे मनगट आता एवढंच राहणार. दोन थरांचा मुंढा परवा जमला, पण तो दोन थरांचा. चार थरांत भर कारखान्यासमोर दात पडला तर वीस वर्षं मी जे नाव कमावलं ते त्या एका दातात जाईल. बायका हळहळतील, मला ते नको आहे.

म्हणून ठरवलंय. एक मेला मी मालकीणबाईंना सांगणार आहे की टेबल मास्तरांनाच द्या. आपणहून उठलेलं बरं.

लिहिताना रडू आलं, म्हणून इथे शाई पसरली आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू खरं बोललास.

मुंगी


२३ एप्रिल

मुंगे,

हे पत्र वाचून होईपर्यंत मालकीणबाईंकडे एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. तुला तुझ्या आत्याची शपथ आहे.

मी खरं बोललो नाही. तुला काय म्हणायचंय ते कळलं म्हणून तू लिहितेस, तर ते तुला काडीचंही कळलेलं नाही, कारण मी लपवलं होतं. आता सांगतो.

तुझं सहा तारखेचं पत्र मी दुकानात वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. वजन जमिनीला टेकलं की मी एक म्हणते, इथपर्यंत आलो आणि माझी बोबडी वळली. समोर मेजावर दुरुस्तीला आलेलं कुलूप होतं, त्याला किल्ली तशीच लावलेली. मुंगे, आमच्या धंद्यात किल्ली एकीकडे फिरली की एक फेरा. उघडायला एक, लावायला एक. मी वजन वर आणलं की एक म्हणतो आणि खाली सोडलं की दोन. पहिल्या दिवसापासून. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझी वहिनी शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुमचे वीस ते तिचे दहा."

मी म्हटलं, चहा पिऊन येतो. आणि गेलो.

आता तूच हिशेब लाव. तुझे फेब्रुवारीतले तीन म्हणजे माझे सहा आणि मी होतो आठवर. मार्चमधले माझे वीस म्हणजे तुझे दहा, तेवढाच काय तो मी पुढे होतो. मग तू सुटलीस. सहा एप्रिलपर्यंत पुढे गेलीस. त्यानंतर तू मला एकदाही दिसलेली नाहीस, तुझी पाठसुद्धा नाही. तुझे बारा म्हणजे माझे चोवीस, आणि मी अजून बावीसवर धापा टाकतोय. माझाही हात थरथरतो. इतका थरथरतो की वहिनी दांड्याखाली उशी ठेवते, फरशी फुटू नये म्हणून. तुझं हाड उत्तम बसलंय. माझ्यापेक्षा उत्तम बसलंय.

बारा तारखेला मी हे सगळं लिहायला बसलो होतो. दोन ओळी लिहिल्या आणि लाज वाटली. चाळीस वर्षं पंजेबहाद्दर म्हणून मिरवलो, आणि कोट कापणाऱ्या धाकट्या बहिणीनं मला मागे टाकलं हे स्वतःच्या हातानं लिहवेना. म्हणून तो कागद फाडला आणि ते गुळमुळीत पत्र पाठवलं. तू त्याचा असा अर्थ काढशील असं वाटलं नव्हतं. आज तुझं पत्र आल्यावर वहिनीनं माझ्यासमोर कागद आणि पेन आणून ठेवलं आणि म्हणाली, हे लिहून होईपर्यंत चहा मिळणार नाही. चहासाठी लिहीत नाहीये. तुझी पसरलेली शाई बघवली नाही.

मला माफ कर. आणि त्या टेबलावरून उठलीस तर मी तिथे येऊन स्वतः तुला बसवीन.

दादा

(खाली वहिनी: तुझी सात मिनिटं आम्ही घड्याळ लावून करून पाहिली. यांचे दहा फेरे झाले, तुझ्या पद्धतीचे. मग हे आडवे झाले. जिंक तू, बाई.)


२९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी बटणांच्या टेबलावर वाचलं. किल्ली एकीकडे फिरली की एक, इथे आले आणि मला हसू फुटलं. इतकं की बटणांची पेटी कलंडली आणि चार खणांतली बटणं एक झाली. हसता हसता रडायला लागले. बायका धावत आल्या, त्यांना वाटलं घरी काहीतरी झालं. मी म्हटलं, काही नाही, माझा भाऊ एका फेऱ्याचे दोन मोजतो. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्या हसल्या.

राग आला का म्हणून विचारशील. आला. मनगट सुजलं तेव्हाचा, निरी न धरता आल्याचा, सगळा आला. घरी जाऊन भिंतीवरचा तुझा आकडा ओल्या फडक्यानं पुसला आणि दांडा हातात घेतला. दादा, चौदा झाले. एका दमात. ज्याच्या मागे मी धावून धावून मेले तो केव्हाचा माझ्याच मागे होता, हे कळल्यावर हातात कुठून बळ आलं कोण जाणे. तेव्हा तुला माफ केलं. तुझा आकडा खरा असता तर मी इतकी पळालेच नसते, हेही आहे. पण हे तू वहिनीला वाचून दाखवू नकोस, लगेच छाती पुढे काढशील.

बटणं वेचायला नवे मास्तरही खाली बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. हातातली बटणं खणांत टाकत ते म्हणाले की मुंढा त्यांना कधीच मनासारखा जमलेला नाही, दर कोटाला देवाचं नाव घेऊन कातर घालतात. त्यांचा हात सरळ कामाचा, पडद्यांचा आणि गाद्यांच्या खोळींचा. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासाठी उरलेल्या तुकड्यांचे थर लावून ठेवायला लागले. थर लावतात आणि डबा घेऊन बाहेर जातात.

एक मेला मालकीणबाईंकडे जाणार आहे, पण एवढंच सांगायला की एक जून पक्का.

मुंगी


१७ मे

मुंगे,

आता तुझ्या पद्धतीनं मोजतो. खाली टेकलं की एक. एक किलो, तेरा. तेरा म्हणायला इतका कमीपणा वाटतो, पण वहिनी शेजारी उभी राहून मोजते, तिथे हातचलाखी चालत नाही. घेरही तिनंच टेपनं घेतला. डावा आणि उजवा यात आता दोऱ्याएवढा फरक उरलाय.

रविवारी न्हाव्याबरोबर बसलो. हरलो. पण त्याला घाम फुटला आणि मिशीचा पीळ सुटला, मला तेवढं पुरे आहे. त्याला म्हटलं, तू जिंकलास ते ठीक, माझ्या बहिणीसमोर बसशील तर दुकान बंद करावं लागेल.

तीन थर जमले म्हणून तू वहिनीला फोनवर सांगितलंस. चौथा कधी कापून बघणार?

दादा


१ जून

दादा,

चौथा कापून बघता आलाच नाही. चार थर लागतील एवढं जाड कापड उरलेल्या तुकड्यांत नव्हतं. त्यामुळे आज सकाळी टेबलाशी उभी राहिले तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं की हे मनगट चार थरांतून जाईल की नाही. काल डॉक्टरांच्या यंत्रावर उजवी मूठ सव्वीस भरली, डावी पंचवीस. दांड्यावर दीड किलो, वीस फेरे, माझे. सगळे आकडे पाठ होते. पण कातरीला आकडे कळत नाहीत.

कापड आलं ते काळपट निळं, हाताला ब्लँकेटसारखं. मास्तरांनी आणि मी मिळून चार थर अंथरले. कोटाचा कागदी फर्मा मी ठेवला, त्याच्या कडेनं रेघ मी मारली. मालकीणबाई समोर येऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कुणीतरी शिलाईची यंत्रं बंद केली, म्हणून मी म्हटलं, चालू द्या, मला शांततेची सवय नाही. यंत्रं पुन्हा सुरू झाली.

पाठ कापली. पुढचा भाग सरळ होता, तोही गेला. मग मुंढा आला. कातर आत घातली आणि चौथा थर म्हणजे काय ते कळलं. तीन थरांपर्यंत कापड कातरीला वाट देतं, चौथा अडवतो. अर्ध्यावर आले, नेमकी तिथे, जिथे मार्चमध्ये हात थांबला होता. कोपरापासून थरथर उठली. मला वाटलं, संपलं.

पण गोलाईचा पुढचा अर्धा भाग उलटा असतो रे. तिथे मनगट वळवायचं नसतं, वळलेलं मनगट हळूहळू सोडत यायचं असतं. आणि सावकाश सोडण्याचं काम हे मनगट चार महिने रोज करतंय, वजन जमिनीला टेकेपर्यंत. मी अंगठा सैल केला, तू सांगितलं होतंस तसा, आणि सोडत गेले. कातर चालतच राहिली. कधी रेघ संपली ते मला कळलं नाही. पातं हवेत मिटल्याचा आवाज झाला तेव्हा कळलं.

मालकीणबाईंनी थर वेगळे केले. पहिल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरा, मग तिसरा. चौथा त्यांनी खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं बोट फिरवलं. मी त्या बोटाकडेच बघत होते. ते कुठेच अडलं नाही.

त्या परत आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या की पडद्यांचं काम वरच्या मजल्यावर सुरू करायचंय, तुम्ही ते बघाल का. मास्तरांनी इतक्या पटकन हो म्हटलं की सगळ्या हसल्या. मी कातर हातात धरूनच उभी होते. मी विचारलं, मग मी उद्यापासून इथे येऊ का?

त्या म्हणाल्या, "उद्यापासून कशाला? हातात कातर आहे ना? बाकीचं कापड पडलंय."

दादा, मी तिथेच लागले. जेवायलासुद्धा उठले नाही, बायकांनी घास भरवले. संध्याकाळपर्यंत सोळा कोट कापले, चार-चार थरांनी, बत्तीस मुंढे, आणि एकालाही दात नाही. आता घरी येऊन हे लिहिते आहे. मनगट दुखतंय. डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही, वीस वर्षं रोज संध्याकाळी दुखायचं तसं, दिवसभर कोट कापल्यावर दुखतं तसं. मला इतका आनंद झालाय की मी ते दाबतसुद्धा नाहीये.

तुझी,
मुंगी